घरच्या मैदानावर 'डर्बी' जिंकली की फुटबॉलचे चाहते एवढे वेडे का होतात?

२४ एप्रिल २०२४, बुधवार. इंग्लंडमधल्या लिव्हरपूल शहरात रात्रीचे दहा वाजत आले होते. भारतात तेव्हा गुरुवार उजाडून पहाटेचे अडीच होत आले होते. गुडिसन पार्क या शंभरी ओलांडलेल्या स्टेडियमवर पंचांनी शेवटची शिट्टी वाजवली. एव्हर्टनने शेजारच्या लिव्हरपूल क्लबला २-० असं हरवलं होतं.

या विजयाने एव्हर्टनला कुठलाही चषक मिळाला नाही. इतर कुठल्याही विजयाला मिळतात तेवढेच तीन गुण मिळाले. तरीही गुडिसनवर असा जल्लोष झाला की जणू वर्ल्ड कपच जिंकलाय.

एका साध्या लीग सामन्यासाठी एवढा आनंद का? उत्तर शोधायचं तर आधी 'डर्बी' ही भानगड समजून घ्यावी लागते.

डर्बी म्हणजे काय?

एकाच शहरातल्या किंवा अगदी जवळच्या दोन गावांतल्या संघांमधला सामना म्हणजे डर्बी. कोलकात्यात मोहन बागान विरुद्ध ईस्ट बंगाल, मिलान शहरात एसी मिलान विरुद्ध इंटर, लंडनमध्ये आर्सेनल विरुद्ध टॉटनहॅम. लिव्हरपूल शहर मर्सी नदीच्या काठावर आहे, त्या भागाला मर्सीसाइड म्हणतात. म्हणून एव्हर्टन विरुद्ध लिव्हरपूल ही 'मर्सीसाइड डर्बी'.

दूरच्या शहरातल्या संघाकडून हरलं तर टीव्ही बंद करून विषय संपवता येतो. डर्बीत तशी सोय नसते. समोरच्या संघाचा चाहता शेजारी राहतो, ऑफिसात बाजूच्या टेबलावर बसतो, कधी कधी तर एकाच ताटात जेवतो. लिव्हरपूल शहरात बाप निळ्या एव्हर्टनचा आणि लेक लाल लिव्हरपूलची, अशी घरं आजही सापडतात. त्यामुळे सामना नव्वद मिनिटांत संपला तरी त्याची चर्चा पुढची डर्बी येईपर्यंत चालू राहते.

एका मैदानाचे दोन क्लब कसे झाले?

या वैराची सुरुवात झाली मैदानाच्या भाड्यावरून.

एव्हर्टनची स्थापना १८७८ ची. एका चर्चशी जोडलेल्या मंडळींनी 'सेंट डोमिंगोज' नावाने संघ सुरू केला, वर्षभरात त्याचं नाव एव्हर्टन झालं. १८८४ पासून हा संघ ज्या मैदानावर खेळायचा त्याचं नाव ॲनफिल्ड. हो, तेच ॲनफिल्ड, जे आज जगभर लिव्हरपूलचं घर म्हणून ओळखलं जातं. १८९१ मध्ये एव्हर्टनने पहिल्यांदा लीग जिंकली, तेव्हाही त्यांचं घर ॲनफिल्डच होतं.

मैदानाचे व्यवहार जॉन हौल्डिंग या दारू उत्पादक व्यावसायिकाच्या हातात होते. भाडं आणि मैदानाची मालकी यावरून त्याचं क्लबमधल्या इतरांशी बिनसलं. १८९२ मध्ये एव्हर्टनने ॲनफिल्ड सोडलं आणि स्टॅनली पार्क या बागेच्या पलीकडे गुडिसन पार्क उभारलं. हौल्डिंगकडे मैदान उरलं, पण खेळायला संघ नव्हता. त्याने नवा संघ काढला, तोच लिव्हरपूल फुटबॉल क्लब.

म्हणजे हे दोन क्लब एकाच घराच्या वाटणीतून झालेले. मराठीत अशा प्रकाराला भाऊबंदकी म्हणतात. दोन मैदानांमधलं अंतर दीड किलोमीटरही नाही.

१३ ऑक्टोबर १८९४ रोजी गुडिसनवर या दोघांचा पहिला लीग सामना झाला. एव्हर्टनने तो ३-० असा जिंकला. मर्सीसाइड डर्बीचा लीगमधला इतिहास सुरू झाला तोच घरच्या विजयाने.

२०२४ च्या त्या रात्री पणाला काय लागलं होतं?

दोन्ही संघांचं बरंच काही.

एव्हर्टनचा तो हंगाम वाईट चालला होता. खर्चाचे नियम मोडल्याबद्दल नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रीमियर लीगमधून त्यांचे १० गुण कापले गेले. अपिलानंतर ते ६ वर आले, पण एप्रिल २०२४ मध्ये दुसऱ्या एका प्रकरणात आणखी २ गुण गेले. प्रीमियर लीगमध्ये शेवटचे तीन संघ खालच्या लीगमध्ये ढकलले जातात, आणि तो धोका एव्हर्टनच्या डोक्यावर होता.

लिव्हरपूल मात्र विजेतेपदाच्या शर्यतीत होतं. त्या रात्री जिंकले असते तर आर्सेनलच्या ७७ गुणांशी बरोबरी झाली असती. शिवाय प्रशिक्षक यर्गन क्लॉप हंगामाच्या शेवटी क्लब सोडणार होते, म्हणजे ही त्यांची शेवटची डर्बी होती.

२७ व्या मिनिटाला बचावपटू जॅराड ब्रँथवेटने पहिला गोल केला. ५८ व्या मिनिटाला कॉर्नरवर डॉमिनिक कॅल्व्हर्ट-लुईनने हेडर मारला आणि दुसरा गोल झाला. मग स्टँडमधून लिव्हरपूलला चिडवणारं गाणं सुरू झालं. त्याचा आशय असा, की तुम्ही लीग गमावलीत ती गुडिसनवर!

या विजयामुळे एव्हर्टन धोक्याच्या रेषेपासून ८ गुण वर गेलं आणि पुढे प्रीमियर लीगमध्ये टिकलं. लिव्हरपूल हंगामाअखेर तिसऱ्या क्रमांकावर राहिलं. स्वतःची नाव वाचली आणि शेजाऱ्याची अडकली, असा दुहेरी आनंद एकाच रात्री मिळाला.

साडेतेरा वर्षांची वाट

त्याआधी एव्हर्टनने गुडिसनवर डर्बी जिंकली होती ती १७ ऑक्टोबर २०१० रोजी, टिम केहिल आणि मिकेल आर्टेटा यांच्या गोलवर. त्यानंतर साडेतेरा वर्षं गेली. म्हणजे २०२४ मध्ये सातवी-आठवीत असलेल्या एव्हर्टनच्या पोरांनी घरच्या मैदानावर डर्बी जिंकताना कधी पाहिलंच नव्हतं.

मधल्या काळात एक विजय मिळाला होता. २० फेब्रुवारी २०२१ रोजी एव्हर्टनने थेट ॲनफिल्डवर २-० अशी बाजी मारली. १९९९ नंतर तिथला हा त्यांचा पहिलाच विजय. पण तेव्हा कोरोनामुळे स्टेडियम रिकामं होतं. एवढा मोठा विजय चाहत्यांना घरात सोफ्यावर बसून साजरा करावा लागला.

या सगळ्या वर्षांत लिव्हरपूलने २०१९ ची चॅम्पियन्स लीग आणि २०२० ची प्रीमियर लीग जिंकली. एव्हर्टनचा शेवटचा मोठा चषक १९९५ चा एफए कप. शेजाऱ्याच्या दारात मिरवणुका निघत असताना आपल्या दारात शांतता, हे एव्हर्टनवाल्यांनी वर्षानुवर्षं सहन केलं. म्हणून त्यांच्यासाठी घरच्या मैदानावरची डर्बी हाच चषक होता.

घरच्या मैदानाचा फायदा खरंच असतो का?

असतो, आणि तो आकड्यांत दिसतो. २०१८-१९ च्या प्रीमियर लीगमध्ये ३८० पैकी १८१ सामने यजमान संघाने जिंकले आणि १२८ पाहुण्या संघाने.

२०२०-२१ मध्ये कोरोनामुळे जवळपास सगळे सामने प्रेक्षकांशिवाय झाले. तेव्हा यजमानांचे विजय १४४ वर घसरले आणि पाहुण्यांचे १५३ झाले. इंग्लंडच्या सर्वोच्च लीगमध्ये पाहुण्यांचे विजय जास्त भरण्याची ही पहिलीच वेळ. मैदानं तीच होती, फक्त माणसं नव्हती.

घरच्या गर्दीच्या आवाजाने खेळाडूंना चेव येतो. पंचांच्या निर्णयांवरही त्या आवाजाचा परिणाम होतो, असं संशोधक सांगतात. त्यामुळे घरच्या विजयानंतर 'आम्ही जिंकून दिलं' असं चाहता म्हणतो, तेव्हा त्यात थोडंफार तथ्य असतंच.

'ते' हरले, 'आपण' जिंकलो

१९७६ मध्ये रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या विद्यापीठांत एक गमतीशीर निरीक्षण केलं. आपल्या विद्यापीठाचा (अमेरिकन) फुटबॉल संघ जिंकला की सोमवारी जास्त विद्यार्थी विद्यापीठाच्या नावाचे कपडे घालून यायचे. जिंकलेल्या सामन्याबद्दल बोलताना 'आपण जिंकलो' म्हणायचे, हरलेल्याबद्दल मात्र 'ते हरले'. दुसऱ्याच्या यशाच्या उजेडात स्वतः उजळून निघायची ही माणसाची सवय आहे.

परिणाम शरीरावरही होतो. १९९४ च्या वर्ल्ड कप फायनलमध्ये ब्राझीलने इटलीला हरवलं, तेव्हा सामना पाहणाऱ्या चाहत्यांच्या लाळेची तपासणी झाली. ब्राझीलच्या चाहत्यांमध्ये टेस्टोस्टेरॉन हे हार्मोन वाढलेलं आढळलं, तर इटलीच्या चाहत्यांमध्ये ते घटलेलं. पायाने चेंडूला शिवलं नाही तरी शरीराला वाटतं की आपणच खेळलो.

डर्बीत यावर आणखी एक फोडणी पडते, ती म्हणजे प्रतिस्पर्ध्याची फजिती पाहण्याचा आनंद. हरलेला माणूस ओळखीचा असेल तर हा आनंद दुप्पट होतो.

मग हे वैर वाईट आहे का?

मैदानावर ते कडवं आहेच. प्रीमियर लीगमध्ये सर्वाधिक लाल कार्डं ज्या सामन्यात निघाली, तो सामना म्हणजे मर्सीसाइड डर्बी.

पण १९८९ मध्ये याच शहराने दुसरी बाजू दाखवली. १५ एप्रिलला शेफील्डच्या हिल्सबरो स्टेडियममध्ये चेंगराचेंगरी झाली आणि त्यात लिव्हरपूलच्या ९७ चाहत्यांचा जीव गेला. आठवड्याभराने दोन्ही क्लबच्या चाहत्यांनी लाल आणि निळे स्कार्फ एकमेकांना बांधत स्टॅनली पार्कमधून गुडिसन ते ॲनफिल्ड अशी साखळी केली. ३ मे रोजी लिव्हरपूल पुन्हा स्पर्धात्मक सामन्यासाठी उतरलं ते गुडिसनवर, एव्हर्टनविरुद्धच. सामना ०-० असा सुटला.

जवळ राहतात म्हणून एकमेकांना चिडवतात, आणि जवळ राहतात म्हणूनच दुःखात धावून येतात. भाऊबंदकीत दोन्ही असतं.

पुढे काय झालं?

१२ फेब्रुवारी २०२५ रोजी गुडिसनवर पुन्हा डर्बी रंगली. ९८ व्या मिनिटाला जेम्स टार्कोव्स्कीने गोल करून २-२ अशी बरोबरी साधली. सामना संपल्यावर झालेल्या राड्यात लिव्हरपूलचे प्रशिक्षक आर्ने स्लॉट यांनाही लाल कार्ड मिळालं. त्या हंगामाची लीग मात्र लिव्हरपूलनेच जिंकली.

एव्हर्टनच्या पुरुष संघाची गुडिसनवरची ती शेवटची मर्सीसाइड डर्बी ठरली. मे २०२५ मध्ये साउदॅम्प्टनला २-० असं हरवून संघाने हे मैदान सोडलं आणि मर्सी नदीकाठच्या नव्या स्टेडियमकडे मुक्काम हलवला. गुडिसन आता एव्हर्टनच्या महिला संघाचं घर आहे.

त्यामुळे २४ एप्रिल २०२४ चा विजय पुरुष संघासाठी गुडिसनवरचा शेवटचा डर्बी विजय म्हणून नोंदला गेला. १८९४ मध्ये ३-० ने सुरू झालेली गोष्ट १३० व्या वर्षी २-० वर थांबली. त्या रात्री स्टँडमध्ये घसा बसेपर्यंत गाणाऱ्या लोकांना याची कल्पना नव्हती. त्यांना एवढंच माहीत होतं, की उद्या सकाळी कामावर जाताना मान ताठ ठेवून जायचंय.