स्विफ्ट करंट ब्रॉन्कोज : परतून आलेल्या संघाचे पहिले तीन हंगाम

खेळाचा संघ गाव सोडून जातो म्हणजे नेमके काय होते, याचा विचार आपल्याकडे सहसा होत नाही. रणजी करंडकातला मुंबईचा संघ मुंबईचाच राहतो आणि बडोद्याचा बडोद्याचाच. उत्तर अमेरिकेत मात्र संघ ही मालमत्ता असते. ती विकता येते, विकत घेता येते, आणि मालकाच्या मनात आले तर उचलून शेकडो किलोमीटरवरच्या दुसऱ्या गावी नेता येते. गेलेला संघ परत येणे ही त्यातल्या त्यात दुर्मीळ घटना. कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतातील स्विफ्ट करंट या गावाच्या वाट्याला ती आली, आणि तिच्यामागोमाग जे आले त्याने बर्फावरील हॉकीच्या इतिहासकारांना आपले लेखन पुन्हा तपासायला लावले. आम्हांला या प्रकरणात रस आहे तो एवढ्याचसाठी की, एकच हकिकत दोनदा लिहावी लागणे म्हणजे काय, हे येथे फार स्वच्छ दिसते.

स्विफ्ट करंट हे गव्हाच्या सपाट प्रदेशातले गाव. देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाणारा ट्रान्स-कॅनडा महामार्ग त्याच्या अंगावरून जातो. प्रांताची राजधानी रेजायना पूर्वेला सुमारे दोनशे चाळीस किलोमीटरवर आहे. (गावाच्या इंग्रजी नावाचा अर्थ वेगवान प्रवाह, सस्कॅचेवान हे प्रांताचे नावही क्री भाषेतल्या त्याच अर्थाच्या शब्दावरून आलेले आहे.) १९८० च्या दशकात येथे पंधरा-सोळा हजार माणसे राहत होती. ज्या स्पर्धेला आज वेस्टर्न हॉकी लीग म्हणतात ती १९६६ साली सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी स्विफ्ट करंट ब्रॉन्कोज तीत दाखल झाले. ब्रायन ट्रॉटिए आणि ‘टायगर’ विल्यम्स हे पुढे नावारूपाला आलेले खेळाडू याच संघात वाढले. तरीही गाव लहान पडले. १९७४ साली संघाने मुक्काम हलवला आणि तो शेजारच्या अल्बर्टा प्रांतातील लेथब्रिज येथे गेला. नाव मात्र तेच राहिले : लेथब्रिज ब्रॉन्कोज. सटर घराण्यातले भाऊ या नावाने खेळले, १९८३ साली संघाने लीगचे अजिंक्यपदही मिळवले, आणि स्विफ्ट करंटने हे सारे बारा वर्षे दुरून पाहिले.

१९८६ साली संघ परत आला. आणणारा कोणी धनिक नव्हता. गावातल्या लोकांनी एकत्र येऊन संघ मिळवला आणि तो सामुदायिक मालकीचा केला. ही मालकी हा आमच्या मते साऱ्या प्रकरणाचा गाभा आहे. आपल्याकडच्या सहकारी साखर कारखान्याच्या वाचकांना परिचित असलेल्या जगाशी तिचे थोडे साम्य आहे. नफा हा मुख्य हेतू नसतो, प्रतिष्ठा असते. आणि तोट्याची भीती एकट्या मालकाची नसते, साऱ्या गावाची असते. ज्या गावाने एकदा संघ गमावलेला आहे, त्याच्या मनात तो पुन्हा जाण्याची धास्ती कायम असते. तीन हजारांच्या आतली आसने असलेले सेंटेनियल सिव्हिक सेंटर भरले पाहिजे. ते भरायचे तर संघ जिंकला पाहिजे. आणि संघ जिंकायचा तर जिंकून देणारा माणूस टिकवला पाहिजे. असा माणूस गावाला लगेच मिळाला. संघाचा प्रशिक्षक आणि व्यवस्थापक म्हणून ग्रॅहम जेम्स याची नेमणूक झाली.

कनिष्ठ हॉकीची रचना येथे सांगितली पाहिजे, कारण तिच्याशिवाय पुढचे कळत नाही. खेळाडू साधारण सोळा ते वीस वर्षांचे असतात. घर सोडून ते संघाच्या गावी येतात आणि तेथील एखाद्या कुटुंबात राहतात. शाळा तिथलीच, जेवण तिथलेच. व्यावसायिक लीगची निवड अठराव्या वर्षी होते आणि तीत नाव लागण्यासाठी बर्फावर किती वेळ मिळतो हे निर्णायक असते. तो वेळ प्रशिक्षकाच्या हातात. मुलाला दुसऱ्या संघाला देऊन टाकणे हेही संघचालकांच्याच हातात. हिवाळाभर हे सारे एका बसमधून फिरत असतात, कारण प्रतिस्पर्ध्यांची गावे शेकडो किलोमीटर दूर असतात. आपल्या जुन्या नाटक कंपन्यांच्या बिऱ्हाडांची आठवण यावी असे हे जीवन आहे. फरक इतकाच की येथे सगळी कंपनी अल्पवयीन किंवा जेमतेम सज्ञान असते.

३० डिसेंबर १९८६ रोजी ही बस रेजायना पॅट्स या संघाशी सामना खेळण्यासाठी निघाली. रस्त्यावर पारदर्शक बर्फाचा पातळ थर होता. तो खालच्या डांबरासारखाच काळा दिसतो आणि म्हणून ओळखू येत नाही. गावाबाहेर पडून थोडेच अंतर गेल्यावर बस घसरली, रस्ता सोडून खाली गेली, उसळली आणि कुशीवर आडवी झाली. मागच्या बाजूला पत्ते खेळत बसलेली चार मुले मरण पावली : ट्रेंट क्रेसी, वय वीस, स्कॉट क्रूगर आणि क्रिस मँटिका, वय एकोणीस, ब्रेंट रफ, वय सोळा. क्रूगर हा स्विफ्ट करंटचाच मुलगा. रफचा थोरला भाऊ लिंडी त्या वेळी व्यावसायिक लीगमध्ये खेळत होता. बसमध्ये सतरा वर्षांचा जो सॅकिक होता आणि शेल्डन केनेडीही होता.

संघाने हंगाम सोडला नाही. काही दिवसांनी सामने पुन्हा सुरू झाले, आणि नवख्या संघाने त्या वर्षी बाद फेरीपर्यंत मजल मारली. मेलेल्या चौघांचे ८, ९, ११ आणि २२ हे क्रमांक निवृत्त करण्यात आले. चार पानांच्या क्लोव्हरचे चिन्ह संघाने आपलेसे केले. लीगने सर्वोत्तम खेळाडूच्या पारितोषिकाला ‘फोर ब्रॉन्कोज’ हे नाव दिले. १९८८ साली ते पारितोषिक सॅकिकलाच मिळाले. त्या हंगामात त्याने ७८ गोल केले आणि १६० गुणांसह मूस जॉच्या थिओरेन फ्लूरीबरोबर गुणांच्या यादीत संयुक्त पहिला क्रमांक मिळवला. मग सॅकिक व्यावसायिक लीगमध्ये गेला, आणि तो नसताना संघ अधिकच मोठा झाला. १९८८-८९ च्या हंगामात ७२ पैकी ५५ सामने जिंकले. बाद फेरीतले बाराच्या बारा जिंकले. आणि मे १९८९ मध्ये सॅस्काटून येथे यजमान सॅस्काटून ब्लेड्सचा जादा वेळेत ४-३ असा पराभव करून कॅनडाच्या कनिष्ठ हॉकीतला सर्वोच्च मेमोरियल कप मिळवला. शेवटचा गोल टिम टिसडेलचा. तो त्या बसमधून वाचलेल्यांपैकी होता. स्कॉट क्रूगरचे भाऊ डॅरेन आणि ट्रेव्हर विजेत्या संघात होते.

अशा हकिकतीला रूप द्यावे लागत नाही, ते तिला आपोआप येते. गेलेला संघ परततो, परतताच आघात होतो, आघातातून गाव सावरते, आणि तिसऱ्या वर्षाच्या अखेरीला विजयचिन्ह घरी येते. श्रावणातल्या कहाणीप्रमाणे सुफळ संपूर्ण. १९८९ नंतर ती अशीच लिहिली गेली, आणि लिहिणाऱ्यांना दोष देणे सोपे असले तरी आम्ही तो सरसकट देणार नाही. शोकाला शेवट हवा असतो आणि येथे तो हातात आयता पडला होता. मात्र अशा कहाणीला सावरणारा एक नायकही लागतो. तो मेलेल्यांमधला असू शकत नाही, आणि सोळा-सतरा वर्षांची मुले तर बोलतच नव्हती. मग ती जागा प्रशिक्षकाला मिळाली. ‘द हॉकी न्यूज’ या खेळाच्या प्रमुख पत्राने १९८९ चा वर्षाचा मानकरी म्हणून जेम्सची निवड केली.

१९९६-९७ च्या हिवाळ्यात ही कहाणी मोडली. त्या वेळी बोस्टनच्या व्यावसायिक संघात असलेल्या केनेडीने जेम्सविरुद्ध तक्रार केली होती. जानेवारी १९९७ मध्ये जेम्सने केनेडी आणि आणखी एका खेळाडूवर केलेल्या लैंगिक अत्याचारांचे गुन्हे कबूल केले. शेकडो प्रसंग, अनेक वर्षे. शिक्षा साडेतीन वर्षांची झाली. २००७ साली त्याला माफीही मिळाली आणि २०१० मध्ये ती उघड झाल्यावर एवढा गदारोळ उठला की माफीचा कायदा बदलला गेला. २०१२ मध्ये फ्लूरी आणि टॉड होल्ट यांच्यावरील अत्याचारांसाठी त्याला पुन्हा शिक्षा झाली. दोन वर्षांची ती शिक्षा पुढच्या वर्षी अपिलात पाच वर्षांची झाली. २०१५ मध्ये स्विफ्ट करंटच्याच एका माजी खेळाडूच्या प्रकरणात त्याने आणखी एक गुन्हा कबूल केला.

आता पहिल्या तीन हंगामांकडे परत जाऊन पाहावे. एकही तारीख बदललेली नाही, एकही गोल कमी झालेला नाही; तरी वाक्यांचा अर्थ पालटला आहे. उदाहरणार्थ, अपघातानंतर मुलांनी बाहेरच्या कोणाचीही मदत न घेता एकमेकांना सावरले, हे पूर्वी कौतुकाने सांगितले जाई. मुलांना व्यावसायिक समुपदेशन मिळाले नाही कारण प्रशिक्षकाने ते येऊ दिले नाही, असे त्या संघातल्या खेळाडूंनी नंतर सांगितले आहे. मुले एकदा बोलू लागली असती तर कशाकशाविषयी बोलली असती, याचे भय कोणाला होते हे आज वेगळे सांगायला नको. जो प्रसंग धैर्याचा दाखला म्हणून दिला जात होता, तो मुलांना एकाकी ठेवण्याचा दाखला ठरतो. ‘संघ म्हणजे एक कुटुंब’ हे वाक्यही आता निर्धास्तपणे लिहिता येत नाही.

गावाला याचा जाब कितपत विचारायचा? येथे टीकाकारांचे दोन पक्ष पडतात, आणि आमचे मत कोणत्याच पक्षाशी पूर्ण जुळत नाही. गावाला ठाऊक होते असे म्हणणे हा अन्याय आहे. काही घरांतून कुजबुज होती म्हणून साऱ्या गावाला साक्षीदार करता येत नाही. पण गाव फसले एवढे म्हणून थांबणेही पुरेसे नाही. ज्या मालकीचा गावाला अभिमान होता तिच्यामुळेच प्रशिक्षकावर प्रश्न उपस्थित करणे अवघड झाले. एकटा मालक असता तर त्याच्याशी भांडता आले असते. येथे शंका घेणारा माणूस स्वतःच्याच संघाच्या, आपल्याच शेजाऱ्यांच्या आणि चार मृतांच्या स्मृतीच्या आड आला असता. स्थलांतराचा इतिहास लिहिताना आपण भाडे, प्रेक्षकसंख्या आणि करार मोजतो. बारा वर्षे संघाविना राहिलेल्या गावाची धास्ती कोणत्याच ताळेबंदात येत नाही, आणि जेम्सची सत्ता उभी राहिली ती त्या धास्तीवर.

कहाणी दुसऱ्यांदा लिहिली गेली तेव्हा लिहिणारे बदलले होते. केनेडीने १९९८ मध्ये चाकांच्या स्केट्सवरून देश ओलांडला आणि २००६ मध्ये आत्मकथन प्रसिद्ध केले. २०१२ मध्ये ‘सडन डेथ’ हे पुस्तक आले. त्याच्या तीन लेखकांत बॉब विल्की हा बसमधून वाचलेला खेळाडू आहे, ग्रेग ड्रिनन हा क्रीडापत्रकार आहे, आणि लीसा कल्प ही त्या दिवशी महामार्गावरून जात असताना अपघात पाहिलेली बाई आहे. आत असलेला, लिहिणे हा ज्याचा व्यवसाय आहे असा, आणि योगायोगाने तिथे असलेली, अशा तिघांनी मिळून ते लिहावे, हे आम्हांला सूचक वाटते. सॅकिक पुढे क्यूबेकच्या संघात गेला, १९९५ साली तोही संघ स्थलांतरित होऊन कोलोरॅडोला गेला आणि पहिल्याच वर्षी स्टॅन्ली कप जिंकला. अपघाताविषयी सॅकिक जाहीरपणे फारसा बोललेला नाही. त्याच्या मौनालाही या इतिहासात जागा असली पाहिजे. सगळ्यांनी बोललेच पाहिजे असा आग्रह ही आणखी एक सक्ती झाली असती.

३० डिसेंबर २०१६ रोजी, बरोबर तीस वर्षांनी, अपघाताच्या जागी महामार्गालगत चार पानांच्या क्लोव्हरच्या आकाराचे स्मारक उभे राहिले. त्यानंतर दीड वर्ष पुरते झाले नव्हते, तोच ६ एप्रिल २०१८ रोजी त्याच प्रांतात, नावाने ब्रॉन्कोजच असलेल्या हम्बोल्टच्या कनिष्ठ संघाच्या बसला अपघात होऊन सोळा जण मरण पावले. केनेडी आणि विल्की आपल्या जुन्या सहकाऱ्यांसह काही दिवसांतच हम्बोल्टला जाऊन पोहोचले.