कंपवात आणि पडण्याचा धोका : एक ऐतिहासिक आढावा (विशेष संदर्भ : वांगणी)

प्रस्तावना :

कंपवात म्हटले की थरथरणारा हात डोळ्यांसमोर येतो. नावातच कंप असल्याने ते स्वाभाविक आहे. परंतु या आजाराच्या रुग्णाला घरात खिळवून ठेवणारी घटना पुष्कळदा कंप नसून पडणे ही असते. खुब्याचे हाड मोडते, बाहेर पडण्याची भीती बसते, वावर कमी होतो, स्नायू दुबळे होतात आणि त्यामुळे पुन्हा पडण्याची शक्यता वाढते. असे असूनही आजाराच्या प्रारंभीच्या काळात या धोक्याचा विचार क्वचितच होतो. हा विचार मागे का राहिला याचा ऐतिहासिक आढावा प्रस्तुत लेखात घेतला असून, वांगणीच्या संदर्भात त्याचे आजचे महत्त्व विशद केले आहे.

मूळ वर्णनातील पडणे :

लंडनचे वैद्य जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये या आजारावरील आपला निबंध प्रसिद्ध केला. त्यात केवळ सहा व्यक्तींचे वर्णन असून त्यांपैकी काही त्यांना रस्त्यात दिसलेल्या होत्या. म्हणजेच हा आजार प्रथम ओळखला गेला तो काही अंशी चालणाऱ्या माणसांच्या निरीक्षणातून. पुढे झुकलेले धड आणि चालता चालता नकळत पळू लागणे यांना त्यांनी कंपाच्या बरोबरीचे स्थान दिले. एका रुग्णाचा सेवक त्याच्या खांद्यांवर हात ठेवून समोर उभा राही, त्याचा तोल साधला की बाजूला होई आणि सुमारे वीस पावलांनंतर त्याला सावरण्यासाठी पुढे धावे, अशी नोंद त्यांनी केली आहे. पुढे पॅरिसमध्ये शार्को यांनी या आजाराला पार्किन्सन यांचे नाव दिले. मागून वस्त्र हलकेच ओढले असता रुग्णाचा तोल मागे जातो, हेही त्यांनी दाखविले.

वर्गीकरण आणि औषधयुग :

विसाव्या शतकात चित्र बदलले. मेंदूतील डोपामिनची कमतरता हे आजाराचे एक प्रमुख कारण असल्याचे स्पष्ट झाले आणि १९६७ मध्ये कोट्झियास यांनी लेव्होडोपाच्या मोठ्या मात्रेचे परिणाम प्रसिद्ध केले. ताठरता व मंदपणा यांवर हे औषध प्रभावी ठरले. तोल जाण्यावर मात्र त्याचा परिणाम तुलनेने मर्यादित राहिला. त्याच वर्षी मार्गारेट होन आणि मेल्व्हिन यार यांनी आजाराच्या पाच अवस्था मांडल्या. पहिल्या अवस्थेत शरीराची एक बाजू, दुसऱ्या अवस्थेत दोन्ही बाजू बाधित होतात. तोलाचा बिघाड तिसऱ्या अवस्थेत दिसू लागतो. ही मांडणी उपयुक्त ठरली आणि जगभर रूढ झाली. परंतु तिचा एक अप्रत्यक्ष परिणाम झाला. 'प्रारंभिक' या शब्दाचा अर्थच 'तोल शाबूत असलेला' असा रुजला आणि पडणे हा पुढचा प्रश्न मानला गेला.

मुंबईतील संशोधनाचा कलही असाच होता. डॉ. अशोक वैद्य व सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये खाजकुइलीच्या बियांचा कंपवातावरील उपयोग अभ्यासून प्रसिद्ध केला; या बियांत लेव्होडोपा नैसर्गिकरीत्या असते. डॉ. नादिर भरुचा व सहकाऱ्यांनी मुंबईतील पारशी वसाहतींतील १४,०१० व्यक्तींची पाहणी केली. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत ४६ रुग्ण आढळले. या दोन्ही कार्यांचे मोल मोठे आहे. मात्र त्यांचे प्रश्न औषधाचे व रुग्णसंख्येचे होते, पावलांचे नव्हते.

बदललेला पुरावा :

एकविसाव्या शतकात पडण्याचा स्वतंत्र अभ्यास सुरू झाला. सहा अभ्यासांतील ४७३ रुग्णांची माहिती एकत्र करून २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात तीन महिन्यांत ४६ टक्के रुग्ण पडल्याचे दिसले. पूर्वी कधीच न पडलेल्यांमध्येही हे प्रमाण २१ टक्के होते. २०१३ च्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासाने धोका ओळखण्यासाठी तीन सोप्या बाबी सुचविल्या : गेल्या वर्षभरात पडणे, गेल्या महिन्यात चालताना पाय जागीच खिळणे आणि चालण्याचा स्वाभाविक वेग सेकंदाला १.१ मीटरपेक्षा कमी असणे. त्यासाठी महागड्या यंत्रांची गरज नाही.

२०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला २३१ रुग्णांवरील प्रयोग याहून बोलका आहे. तोल व पायांची ताकद वाढविणाऱ्या व्यायामाने सर्व रुग्णांचे एकत्रित पडणे लक्षणीयरीत्या घटले नाही. परंतु ज्यांच्या आजाराची तीव्रता कमी होती, त्यांच्यात ते ६९ टक्क्यांनी घटले. म्हणजे उपाय सर्वाधिक फलदायी ठरतो तो नेमका त्याच काळात, ज्या काळात त्याची गरज नाही असे मानले जात होते.

वांगणीचा संदर्भ :

मध्य रेल्वेच्या कल्याण-कर्जत मार्गावर बदलापूर व शेलू यांच्या दरम्यान वांगणी हे स्थानक आहे. अनेक दृष्टिहीन कुटुंबे येथे स्थायिक झाली असून त्यांची उपजीविका मोठ्या प्रमाणावर लोकलप्रवासावर अवलंबून आहे. १७ एप्रिल २०२१ रोजी याच स्थानकावर दृष्टिहीन आईसोबत चालणारे बालक फलाटावरून रुळांवर पडले. समोरून गाडी येत असताना पॉइंट्समन मयूर शेळके यांनी रुळांवरून धावत जाऊन त्याला वाचविले. या घटनेचा कंपवाताशी संबंध नाही. परंतु फलाटाच्या कडेवर एक चुकलेले पाऊल किती महाग पडू शकते, हे तिने दाखवून दिले.

कंपवाताच्या प्रारंभिक अवस्थेतील माणूस याच फलाटावर असतो. आजार वाढलेला रुग्ण बहुधा घरी असतो. सुरुवातीचा रुग्ण नोकरी करतो, पिशवी सांभाळतो, गर्दीत वळतो आणि गाडी थोडाच वेळ थांबणार म्हणून घाई करतो. दरवाजा, वळण, घाई आणि एका वेळी दोन कामे ही पाय खिळण्याची परिचित कारणे आहेत. लोकलच्या दारापाशी ती सर्व एकत्र येतात. उपायाचे सूत्रही जुनेच आहे. चालण्याच्या दिशेला आडव्या रेषा जमिनीवर आखल्यास खिळलेले पाऊल उचलले जाते, हे पर्डन मार्टिन यांनी १९६७ मध्ये नोंदविले होते. फलाटाच्या कडेची पिवळी पट्टी लांबीच्या दिशेने जाते. ती धोक्याची सूचना देते, पावलाला आधार देत नाही. जिने व पादचारी पूल यांच्या मार्गावर आडव्या ठळक रेषा आणि सलग कठडे असल्यास ही उणीव काही अंशी भरून निघेल.

निष्कर्ष :

पडणे हे कंपवाताच्या मूळ वर्णनात होते. वर्गीकरणाने ते पुढच्या अवस्थेकडे ढकलले आणि औषधांच्या यशाने ते झाकोळले. आता उपलब्ध झालेला पुरावा त्याला पुन्हा आरंभाकडे आणतो. मुंबईत २००१ मध्ये स्थापन झालेली पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी आणि पुण्याचे पार्किन्सन्स मित्रमंडळ यांनी व्यायाम व परस्पर आधार यांची परंपरा निर्माण केली आहे. पुण्याच्या मंडळाने रुग्णाला 'शुभार्थी' व त्याची काळजी घेणाऱ्याला 'शुभंकर' म्हटले, यात केवळ शब्दांचा पालट नाही. पार्किन्सन यांच्या निबंधातील त्या सेवकाची जागा येथे सन्मानाने मान्य झाली आहे. निदानाच्या पहिल्याच भेटीत 'गेल्या वर्षभरात कधी पडलात का?' हा प्रश्न विचारला जाणे आणि वांगणीसारख्या उपनगरी गावांत तोलाचे व्यायाम घराजवळ उपलब्ध होणे, ही या इतिहासाची आजची मागणी आहे.