मुठीचे पैसे

देऊळगाव राजात आश्विनात बालाजीची यात्रा भरते. चाकू-अडकित्त्याच्या पथारीपुढे वाकलेलं गिऱ्हाईक आधी मूठ न्याहाळतं, मग पातं. माझं अवजारांचं दुकान, माझ्याकडेही तेच. हल्ली पोरं मोबाइलवर फोटो दाखवतात : "काका, कार्बन फायबरची मूठ आहे, घेऊ का?"

ही हौस जुनी आहे. गावगाड्यात मात्र तिला जागा नव्हती. लोहारानं खुरप्याचं पातं घडवायचं, त्याची शेपटी तापवून बाभळीच्या मुठीत ठोकायची, तोंडाशी लोखंडी कडी चढवायची. मूठ फुटली की दुसरी. पातं झिजेपर्यंत तेच. तलवारीचा कारभार वेगळा. फिरंग म्हणजे परदेशी पातं, मूठ मात्र इथल्या कारागिराची, आत वितळलेली लाख ओतून पक्की केलेली. सरदारांचा पैसा खेळायचा तो मुठीवरच्या सोन्याच्या नक्षीत. पुण्याच्या केळकर संग्रहालयातले अडकित्ते बघा : घोडे, पोपट, जोडपी, सगळी कारागिरी दांड्यांत. सुपारी मात्र साध्या अडकित्त्यानंही तशीच कातरली जाते.

घडीचा चाकू आपल्याकडे लिहिणाऱ्यांच्या हाती जास्त. बोरू तासायचा, टोकाला तिरपा छेद द्यायचा, की दौत-बोरूचं काम सुरू. 1853 नंतर वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात गेलं. त्या जमान्यात विलायती चाकू म्हणजे शेफील्डचा. गंमत अशी की त्यातल्या उंची चाकूंच्या मुठीला सांबराचं शिंग लागे आणि ते जाई हिंदुस्थानातून. म्हणजे माल आपला, तो बोटीनं जाऊन चाकू होऊन परत येणार, आणि आपण त्याला विलायती म्हणून जास्त पैसे मोजणार! सांबर दरवर्षी शिंगं गाळतं, तरी 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर हा व्यापार आवळत गेला. हस्तिदंताचीही तीच गत.

त्यांची जागा घेतली राळेनं. मायकार्टा म्हणजे कापडाचे किंवा कागदाचे थर राळेत दाबून केलेली फळी. जी-10 मध्ये कापडाऐवजी काचेचे धागे. सर्किट बोर्डाचा पत्राही याच जातीचा. ही मूठ पावसाळ्यात फुगत नाही. लाकडाची फुगते आणि पातं आत अडकून बसतं, हा फरक खरा आहे, त्याचे थोडे पैसे द्यावेत. कार्बन फायबर हलकं आणि देखणं. पण गुळगुळीत घासलेलं असेल तर ओल्या हातातून निसटतं. त्यापेक्षा स्वस्तातलं खरबरीत जी-10 बरं.

घडीच्या चाकूचा जीव असतो पात्याच्या बुडाशी, रिबिटात. पोरांना मी सांगतो, चाकू उघडा, पातं डावी-उजवीकडे हलवून बघा. डुगडुगलं तर मूठ टायटॅनियमची असो नाहीतर हस्तिदंताची, तिथंच ठेवून द्या. शिंगाची मूठ मागायला अजून कुणी कुणी येतं. ती मी ठेवत नाही.