एकतर्फी हुकूमनामा रद्द करणे

प्रतिवादीच्या गैरहजेरीत झालेला हुकूमनामा त्याच न्यायालयाकडून रद्द करवून घेऊन दाव्याची फेरसुनावणी मिळविण्याचा दिवाणी कायद्यातील उपाय. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे ऐकल्यावाचून निर्णय देऊ नये, हे नैसर्गिक न्यायाचे तत्त्व होय. तथापि प्रतिवादी हेतुपुरस्सर दूर राहिल्याने वादीचा हक्क अडून राहू नये, हीदेखील न्यायाचीच गरज आहे. गैरहजेरी ही कबुली मानावयाची, की केवळ अडचणीचे वा अज्ञानाचे लक्षण समजावयाचे, हा या उपायाच्या इतिहासातील मूळ प्रश्न आहे.

रोमन लोकांच्या बारा फलकांच्या कायद्यात (इ. स. पू. सु. ४५०) माध्यान्हीपर्यंत एक पक्ष न आल्यास उपस्थित पक्षाच्या बाजूने निर्णय देण्याची तरतूद होती. पुढे राज्यकार्यासाठी परगावी गेलेल्यांसारख्या व्यक्तींना प्रेटर हा न्यायाधिकारी पूर्वस्थिती परत मिळवून देऊ लागला. भारतात नारदस्मृतीने, बोलावणे आल्यावर पळून जाणाऱ्या ‘आहूतप्रपलायी’ पक्षकाराची गणना पाच प्रकारच्या ‘हीन’ वादींत केली आहे. मात्र आजारी, विवाहास उद्युक्त झालेला, संकटात सापडलेला, तसेच पेरणीत गुंतलेला शेतकरी यांना त्या वेळी बोलावू नये, असेही तीत म्हटले आहे. चुकीच्या रीतीने निकालात निघालेल्या वादाचा राजाने पुन्हा विचार करावा, असे याज्ञवल्क्यस्मृती सांगते.

ब्रिटिश अमदानीत १८५९ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ११९ ने या उपायाला निश्चित रूप दिले. एकतर्फी निर्णयावर अपील नव्हते. समन्सची रीतसर बजावणी झाली नाही किंवा पुरेशा कारणामुळे हजर राहता आले नाही, असे प्रतिवादीने दाखविल्यास न्यायालय निर्णय रद्द करी. यासाठी हुकूमनाम्याची अंमलबजावणी झाल्यापासून जास्तीत जास्त तीस दिवसांची मुदत होती.

या उपायाची मर्यादा दख्खनमध्ये स्पष्ट झाली. पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत १८७५ साली शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध दंगे केले. १२ मे रोजी सुपे येथे त्यांचा आरंभ झाला. कर्जरोखे हस्तगत करून जाळणे हा दंगेखोरांचा मुख्य हेतू होता. चौकशीसाठी नेमलेल्या आयोगासमोर सावकारांच्या दाव्यांत होणाऱ्या एकतर्फी हुकूमनाम्यांचा प्रश्न ठळकपणे आला. निरक्षरता, न्यायालयाचे अंतर व भीती यांमुळे कुणबी हजर राहत नसे. काही वेळा समन्स त्याच्यापर्यंत पोहोचतच नसे. ज्याला हुकूमनाम्याची पहिली वार्ता जप्तीच्या वेळी लागते, त्याला नंतरच्या अर्जाचा हक्क फारसा उपयोगी पडत नाही. म्हणून १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य अधिनियमाने वेगळा मार्ग स्वीकारला. दावा प्रतिवादीच्या राहत्या ठिकाणच्या न्यायालयात दाखल व्हावा, शक्यतो प्रतिवादीची जबानी घ्यावी आणि न्यायालयाने कर्जव्यवहाराचा आरंभापासूनचा इतिहास स्वतः तपासावा, असे त्याने ठरविले. अन्याय झाल्यावर दुरुस्ती करण्याऐवजी तो टाळण्याची ही योजना होती. आरंभी हा अधिनियम पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या जिल्ह्यांना लागू होता.

१९०८ च्या संहितेत हा उपाय आदेश ९, नियम १३ मध्ये आला. त्याची दोन कारणे पूर्वीचीच राहिली. खर्च देणे, रक्कम न्यायालयात भरणे यांसारख्या अटी न्यायालय घालू शकते. मात्र विरुद्ध पक्षास नोटीस दिल्याशिवाय हुकूमनामा रद्द करता येत नाही. लघुवाद न्यायालयांत १८८७ च्या अधिनियमानुसार हुकूमनाम्याची रक्कम भरावी लागते किंवा प्रतिभूती द्यावी लागते. १९६३ च्या मुदत अधिनियमानुसार अर्जाची मुदत हुकूमनाम्याच्या तारखेपासून तीस दिवसांची असून, समन्सची रीतसर बजावणी झाली नसल्यास ती हुकूमनाम्याची माहिती झाल्यापासून मोजतात. विलंबाचे पुरेसे कारण दाखविल्यास तो माफ होऊ शकतो. अर्ज फेटाळणाऱ्या आदेशावर अपील करता येते. खुद्द एकतर्फी हुकूमनाम्यावरही अपील चालते.

प्रक्रियेचा कायदा न्याय सुकर करण्यासाठी आहे, शिक्षेसाठी नव्हे, असा दृष्टिकोन न्या. व्हिव्हियन बोस यांनी संग्राम सिंग विरुद्ध निर्वाचन न्यायाधिकरण, कोटा (१९५५) या निर्णयात मांडला. याउलट टाळाटाळीस आळा घालण्यासाठी १९७६ ची दुरुस्ती झाली (अंमल १ फेब्रुवारी १९७७). प्रतिवादीला सुनावणीच्या तारखेची माहिती व हजर राहण्यास पुरेसा अवधी असल्यास, समन्सच्या बजावणीतील केवळ अनियमिततेमुळे हुकूमनामा रद्द करता येत नाही, असे तिने स्पष्ट केले. अपिलाचा निकाल लागल्यावर, ते मागे घेतले गेले नसेल तर, असा अर्ज चालत नाही, हेही तिने ठरविले. गैरहजेरीचे कारण एकतर्फी कारवाई झालेल्या दिवसापुरते पाहावे, पूर्वीच्या वर्तनाचा आधार घेऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली म्हटले.

अशा प्रकारे गैरहजेरीबद्दल दंड करण्यापेक्षा प्रतिवादीला खरोखर वार्ता पोहोचली होती काय, याच्या शोधाकडे या उपायाचा कल राहिला आहे. त्याचे यश समन्सच्या प्रामाणिक बजावणीवर अवलंबून असते.