सायकलचं हँडल आणि बधिर होणारी करंगळी

"डॉक्टर, रोज सायकलनं कामाला जातो. पोचेपर्यंत करंगळीला मुंग्या येतात. मानेचा एमआरआय करू का?" सायकल वापरणारे बरेच जण असं विचारतात. माझं उत्तर असतं, आधी तुमच्या सायकलचं हँडल पाहू. हे दुखणं नवं नाही, त्याला सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे.

१८१७ मध्ये जर्मनीत कार्ल ड्राइस यांनी दोन चाकांची, पायांनी जमीन ढकलत चालवायची गाडी बनवली. तिच्यावर हात टेकायला चक्क एक फळी होती. पुढे १८८५ मध्ये इंग्लंडमध्ये 'रोव्हर' आली. सारख्या आकाराची दोन चाकं आणि मागच्या चाकाला साखळी, म्हणजे आजच्या सायकलची आजीच.

आपल्या भागात सायकल पोचायला फार वेळ लागला नाही. १८८८ मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी भावासह बेळगावात सायकलचं दुकान काढलं. त्याच उद्योगातून १९१० मध्ये औंध संस्थानच्या माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. आज औंध सातारा जिल्ह्यात आहे आणि किर्लोस्करवाडी सांगली जिल्ह्यात. सूर्यनमस्काराचा प्रसार करणारे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी याच औंधचे.

युरोपात तेव्हा शर्यतींचं वेड होतं. वेगासाठी हँडल खाली गेलं, पाठ वाकली आणि अंगाचा भार तळहातांवर आला. सायकलमुळे कुबड येईल, असा इशारा काही डॉक्टर देत होते. ती भीती अतिशयोक्त ठरली. पण १८९६ मध्ये फ्रान्सच्या डॉ. देस्तो यांनी सायकलस्वारांच्या हाताच्या लुळेपणाचं जे वर्णन केलं, ते आजही लागू आहे. तळहाताच्या करंगळीकडच्या बाजूला, मनगटाजवळच्या एका अरुंद बोळातून अल्नर नावाची नस जाते. हँडलवर भार पडला की ती तिथे दबते. मग करंगळी आणि शेजारच्या बोटाची अर्धी बाजू बधिर होते. दाब चालूच राहिला तर हाताचे छोटे स्नायू अशक्त होतात.

आपल्या जुन्या काळ्या सायकलचं हँडल चालवणाऱ्याकडे वळलेलं असे. पाठ ताठ, मनगट सरळ आणि वजन सीटवर. पुढे गिअरच्या सायकली आल्या आणि त्यांच्याबरोबर आडवं, सरळ हँडल आलं. डोंगरात ते ताबा ठेवायला चांगलं. पण ते सीटपासून लांब आणि खाली असेल, तर रोजच्या प्रवासात मनगट मागे दुमडतं आणि भार हातावर येतो.

सांगली-मिरजेसारख्या सपाट रस्त्यावर मागे वळलेलं, थोडं उंच हँडल सोयीचं. साताऱ्यात चढावर पुढे झुकावंच लागतं. तिथे फार उंच हँडल त्रासाचं, मध्यम उंची बरी.

बदलण्याआधी एवढं पाहा:

• सीटचं टोक खाली झुकलेलं नको. झुकलं की अंग हातांवर घसरतं. अनेकदा एवढ्यानंच फरक पडतो.
• नवं हँडल जुन्या पकडीत बसतं का, हे मेकॅनिककडून मोजून घ्या. २५.४ आणि ३१.८ मिलिमीटर ही दोन मापं एकमेकांत चालत नाहीत.
• हँडल उंच झालं की ब्रेकच्या वायरी तोकड्या पडू शकतात. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून ब्रेक तपासा.
• जुन्या सायकलीत ब्रेकच्या सळया हँडललाच जोडलेल्या असतात. तिथे नुसतं हँडल बदलून भागत नाही.
• हातांची जागा अधूनमधून बदला, मूठ सैल ठेवा.

सायकल थांबवून काही दिवस झाले तरी बधिरपणा टिकला, पकड कमी झाली, किल्ली फिरवणं किंवा बटण लावणं जड जाऊ लागलं, किंवा मानेतून हातात कळ येत असेल, तर मात्र डॉक्टरांना भेटा. मधुमेह असणाऱ्यांनी तर थांबूच नये. अंगठा आणि त्याशेजारची दोन बोटं बधिर होत असतील, तर दबणारी नस वेगळी असते, तेही सांगा.

बोटं झिणझिणतात म्हणून सायकल अडगळीत टाकू नका. व्यायाम मोलाचा आहे, हँडल बदलता येतं. एकदा सुकलेला स्नायू भरून यायला मात्र फार काळ लागतो आणि कधी कधी तो पूर्ण भरतही नाही.