किम फुक : छायाचित्राच्या चौकटीबाहेर

व्हिएतनाम युद्धाचा विषय निघाला की एक छायाचित्र हमखास आठवते. त्यात नऊ वर्षांची एक मुलगी विवस्त्रावस्थेत, आक्रोश करीत रस्त्यावरून धावते आहे. ती फान थी किम फुक. ८ जून १९७२ रोजी सायगावनजीकच्या त्रांग बांग गावावर नापाम बॉम्ब पडले. ते अमेरिकी विमानाने टाकले, असा समज आजही आढळतो. प्रत्यक्षात विमान दक्षिण व्हिएतनामच्या हवाई दलाचे होते. पेटलेले कपडे किमने अंगावरून ओरबाडून फेकले. नात्यातील दोन मुले दगावली. तिचे सुमारे एक-तृतीयांश शरीर भाजले होते. १४ महिने रुग्णालयात काढून आणि १७ शस्त्रक्रिया सोसून ती घरी परतली. निक उट यांच्या नावे असोसिएटेड प्रेसने प्रसृत केलेल्या या छायाचित्राला १९७३ मध्ये पुलित्झर पारितोषिक मिळाले. २०२५ मध्ये त्याच्या श्रेयावरून वाद उद्भवला, तेव्हा किम फुक उट यांच्याच पाठीशी उभ्या राहिल्या. आपल्याला रुग्णालयात नेले ते त्यांनीच, असे त्या सांगत आल्या आहेत.

जखमा भरू लागल्या, पण छायाचित्राने पाठ सोडली नाही. वैद्यकीय शिक्षणाची सुरुवात होते न होते तोच साम्यवादी सरकारने त्यांना हुडकून काढले आणि परदेशी पत्रकारांपुढे युद्धाचे जिवंत प्रतीक म्हणून उभे केले. डॉक्टर होण्याचे स्वप्न तिथेच विरले. याच काळात, १९८२ मध्ये, त्यांनी काओ दाई हा घराण्याचा पंथ सोडून ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पंतप्रधान फाम व्हान डोंग यांच्या कृपेने १९८६ मध्ये त्या शिक्षणासाठी क्युबाला गेल्या. तेथे सहाध्यायी बुई हुय तोआन यांच्याशी परिचय झाला आणि १९९२ मध्ये विवाह. मधुचंद्राहून, म्हणजे मॉस्कोहून, परतताना विमान इंधनासाठी कॅनडातील गँडर येथे उतरले. तेवढ्या अवधीत दांपत्याने आश्रय मागितला.

कॅनडात त्यांना हवी होती ती अज्ञातवासाची शांतता. ती जेमतेम अडीच वर्षे टिकली. १९९५ मध्ये वृत्तपत्रांनी त्यांना टोरांटोत गाठले. छायाचित्रापासून सुटका नसेल तर त्याचा उपयोग आपणच ठरवावा, हा त्यांचा निर्णय येथून पुढचा. सरकारी बोलावण्यावरून बोलणे आणि स्वेच्छेने बोलणे यांत केवढे अंतर असते, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? १९९६ मध्ये वॉशिंग्टनमधील व्हिएतनाम स्मारकापाशी अमेरिकी माजी सैनिकांसमोर त्यांनी क्षमेची भाषा केली. युद्धग्रस्त बालकांच्या उपचारांसाठी त्यांनी प्रतिष्ठान स्थापले आणि युनेस्कोच्या सदिच्छादूत म्हणून जगभर व्याख्याने दिली. डेनिस चाँग यांनी लिहिलेले त्यांचे चरित्र गाजले होतेच. २०१७ मध्ये 'फायर रोड' हे त्यांचे आत्मकथन आले. २०१९ मध्ये ड्रेस्डेन शांतता पुरस्कार मिळाला.

क्षमेने वेदना मात्र शमल्या नाहीत. जुन्या व्रणांवर मायामीत लेसर उपचार सुरू झाले ते २०१५ मध्ये, म्हणजे तब्बल ४३ वर्षांनी.

जुलै २०२२ मध्ये युक्रेनमधील २३६ निर्वासितांना घेऊन एक विमान वॉर्साहून कॅनडाकडे निघाले. त्यात किम फुक आणि तोआन होते. विमानाच्या बाह्यांगावर तेच छायाचित्र रंगविलेले होते.