तळाच्या बेसबॉल संघाने आधी कोणाला घ्यावं? शिकागो कब्सचं गणित समजून घ्या

अमेरिकेत मेजर लीग बेसबॉलचा हंगाम संपला की खेळाडूंची खरेदी आणि अदलाबदल सुरू होते. हरणाऱ्या संघाने तेव्हा लगेच महागडा स्टार घ्यावा का? शिकागो कब्सने आधी थांबायचं ठरवलं.

तरुण खेळाडू आधी : ऑक्टोबर २०११ मध्ये थिओ एपस्टीन यांनी सूत्रं हाती घेतली. जानेवारी २०१२ मध्ये त्यांनी पिचर अँड्र्यू कॅशनर देऊन २२ वर्षांचा अँथनी रिझो मिळवला.

छोटा करार, मोठा मोबदला : २०१३ च्या हंगामासाठी पिचर स्कॉट फेल्डमनला एका वर्षाच्या करारावर घेतलं. जुलैमध्ये त्याला बाल्टिमोरला देताना जेक अ‍ॅरिएटा हाती लागला. त्याच अ‍ॅरिएटाने २०१५ मध्ये सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार जिंकला.

मोठा खर्च शेवटी : तरुण फळी तयार होत आल्यावर, डिसेंबर २०१४ मध्ये जॉन लेस्टरशी ६ वर्षांचा, १५.५ कोटी डॉलरचा करार झाला.

किंमत काय मोजावी लागली? २०१२ मध्ये तब्बल १०१ पराभव. चाहत्यांना पुढची दोन वर्षंही हारच बघावी लागली. पण २०१६ मध्ये कब्सने १०८ वर्षांनी वर्ल्ड सिरीज जिंकली.